वेताची खुर्ची

उदयसिंह माझ्या खारघरच्या फर्निचर स्टुडिओत आले ते जलरंगातली जुनी चित्रं घेऊन. साताऱ्याकडे त्यांच्या पणजोबांनी बैठकीचं सामान करवून घेतलं, तेव्हा कारागिराने ती आधी काढून दाखवली होती. प्रत्येक वस्तू समोरून, बाजूने, वरून, मापं इंचांत, सागवान तपकिरी, वेत फिकट पिवळा. मालकांची खुर्ची, पाहुण्यांचा कोच, बायकांसाठी आतल्या दाराशी बुटके चौरंग. छताला टांगलेला झालरीचा पंखा होता, त्याची दोरी भिंतीपर्यंत नेलेली. ती ओढणाऱ्या गड्याला बसायला मात्र काही काढलेलं नव्हतं.

"मालकांची खुर्ची बनवा, भावनाताई. बेलापूरच्या ऑफिसात ठेवणार," उदयसिंह म्हणाले. "पणजोबांसारखं बसून बघायचंय."

मापं उतरवताना चित्रातली सावली खटकली. खुर्चीची सावली बरोबर होती. तिच्या मागे, भिंतीलगत आणखी एक होती. उकिडवी. एक पाय पुढे.

आमच्या घणसोली गावातल्या जयदेवकाकांना खुर्ची करायला दिली. चित्र बघून ते म्हणाले, "यो कोन बसलाय गं खाली?"

"डाग असेल, काका."

मी फोनवर फोटो काढून ठेवला होता. आठवड्याने ताडून पाहिलं. फोटोत सावली भिंतीशी होती. कागदावर ती खुर्चीच्या पायाला टेकली होती. रंग कोरडाच होता. बोटाला काही लागलं नाही.

खुर्ची तयार झाली त्या दिवशी चित्रात ती सावली नव्हतीच. मला हायसं वाटलं.

दुपारी बेलापूरला खुर्ची पोचवली. इमारतीतली लाइट गेलेली; बंद काचांआड जीव उकडत होता. उदयसिंह हसत खुर्चीत बसले.

लगेच उठले.

"काय झालं?"

ते भिंतीपाशी गेले आणि कडक इस्त्रीच्या पँटीत तसेच उकिडवे बसले. बूट काढला, मोजा काढला. एक पाय पुढे केला.

"उदयसिंह, बरं वाटत नाहीये का? उठा ना."

"आमची जागा हितंच, बाई," ते म्हणाले. आवाज त्यांचा नव्हता.

पाय हलू लागला. पुढे, मागे. अंगठा ताठ, जणू त्याला पंख्याची दोरी बांधलीय.

खुर्चीत कुणी नव्हतं. वेत करकरला आणि मधोमध खाली दबला.

मी वर पाहिलं. छताला काहीच टांगलेलं नव्हतं.

माझ्या कपाळावरचा घाम मात्र हळूहळू वाळू लागला होता.