तिसरी दुरुस्ती

तो आला तो गालावर हात धरून. जायचं होतं वरच्या मजल्यावर, दातांच्या डॉक्टरांकडे. पण एक मजला आधीच थांबला आणि त्याने तिचं दार वाजवलं.

"दात काढता ना?"

"नाही हो... मी लेबलं काढते. बाटल्यांची, डब्यांची."

त्याला हसू आलं आणि पाठोपाठ कळही. गाल दाबून तो म्हणाला, "साबणाची काढाल?"

तो घरी साबण बनवून विकायचा. त्याच्या बाह्यांना लिंबाचा वास येई. ती नोकरी सोडून लेबलांच्या डिझाइनचं स्वतंत्र काम करत होती. एक खोली, एक टेबल, खिडकीखाली रस्ता. स्वातंत्र्याचं कौतुक सगळ्यांनी केलं होतं. दुपारी बोलायला कुणी नसतं, हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं. म्हणूनच असेल, तिच्या दरपत्रकात एक ओळ होती – दुरुस्त्या कितीही वेळा, मोफत. दुरुस्ती म्हटली की माणूस येतो, निदान फोन तरी करतो.

साबणवाला तर येतच राहिला. लेबलावरचं पान जरा लहान करा. नको, मोठंच बरं. आणि हा हिरवा...

"आता हिरव्याला काय झालं?"

"तुम्ही आत्ता हसलात ना, तसा करा – जरासाच."

"साबण खपवायचाय की मला हसवायचंय?"

"दोन्ही जमलं तर... नाही म्हणणार नाही."

तो गेला की लिंबाचा वास थोडा वेळ खोलीत रेंगाळे. मग तोही जाई.

खोलीचं भाडं थकलं, तेव्हा तिने ताईला फोन केला. ताईने दरपत्रक मागवून वाचलं.

"अगं, धर्मशाळा उघडलीयेस का? तू काम विकतेस की सोबत शोधतेस?"

तिने टेबलावरच्या पेन्सिली एका रेषेत लावायला घेतल्या.

"दोन दुरुस्त्या फुकट, तिसरीपासून पैसे. आणि दर वाढव."

"लोक जातील गं."

"जातील ते जातील. खोली गेली तर बसशील कुठे?"

ताईचं काही चुकत नव्हतं. तिने सगळ्यांना नवे दर कळवले. त्याच्या नावापाशी बोट अडखळलं. त्याला वगळावं? पण गिऱ्हाईक नाही, तर मग तो कोण? हे ठरवायचं धाडस तिला नव्हतं. तिने त्यालाही पाठवलं.

काही गिऱ्हाइकं तुटली, काहींनी कुरकुरत मान्य केलं. भाडं भागलं. साबणवाल्याकडून मात्र चकार शब्द नाही. जिन्यात पावलं वाजली की ती कान टवकारी. पावलं वर निघून जात. फुकट होतं तोवरच येणं होतं, तिने स्वतःला समजावलं. समजूत काही पटेना.

मग एका दुपारी दार वाजलं. तोच होता. रिकाम्या हातांनी.

"तिसऱ्या दुरुस्तीपासून..." तिने कामाचा आवाज काढला.

"दुरुस्ती नाही. लेबल छापून झालं. तुम्ही पहिल्यांदा केलं होतं ना, तेच."

"तेच? मग ते पान, तो हिरवा...?"

"पहिलंच आवडलं होतं." तो उंबऱ्याकडे बघत होता. "तुमचे दर आले आणि लाज वाटली. तुमच्या पोटावर पाय देऊन मी गप्पा मारत होतो. हिशोब चुकता करायला निघालो, तर जिन्यातूनच परत फिरलो. वाटलं, पैसे दिले की... संपलं. यायला कारणच उरणार नाही."

ती खिडकीकडे वळली. समोर बघून बोलणं जमलं नसतं.

"ती मोफतची ओळ मी... कुणीतरी यावं म्हणून लिहिली होती. कुणीही. मग – तुम्ही यावं म्हणून तशीच ठेवली."

तो आत आला, खुर्चीच्या कडेवर टेकला. आता पान नव्हतं, रंग नव्हता.

"जेवलात?" शेवटी तिने विचारलं.

"नाही. एकट्यासाठी करायचा कंटाळा येतो."

"मलाही," ती म्हणाली, आणि तिने कॉम्प्युटर बंद केला.