लांब फोटोतले जुळे भाऊ

"वहिनी, माझ्यावर आळ आलाय," चौकटी करणारी बाई दारातूनच म्हणाली. "आज फोटोचं टोक सापडलं नाही, तर संग्रहालयाचं काम गेलंच. मग गावात कोण मला साधी काच बसवायला देईल?"

वहिनी उठल्याच. कोडं दिसलं की त्यांना चहा आठवत नाही, हे भाऊजींना ठाऊक होतं. घाईघाईने आपला कप संपवताना भाऊजींनी जीभ भाजून घेतली.

संग्रहालयात गिरणी कामगारांचा दोन हात लांब जुना फोटो टेबलावर पडला होता. डाव्या टोकाला मिशीवाला थोरला भाऊ. उजव्या टोकाला त्याचा जुळा, धाकटा, उभा होता. तेवढाच तुकडा रात्रीत कोणीतरी कापून नेला होता.

"खोलीला कुलूप नसतं," व्यवस्थापिका बाई म्हणाल्या. "पण ब्लेड हिच्याकडेच असतं."

"ब्लेड माझ्याकडेही आहे, दाढीचं," भाऊजी म्हणाले.

"तुमच्या दाढीकडे बघून वाटत नाही," वहिनी म्हणाल्या. कोपऱ्यात तो फोटो काढणारा जुना कॅमेरा मांडला होता. "याला चावी कशाला?"

"चावी दिली की तो तिवईवर फिरतो," व्यवस्थापिका बाई म्हणाल्या. " डावीकडून उजवीकडे, सावकाश. म्हणून तर फोटो एवढा लांब."

चौकट करायच्या आधी चौकटीवाली बाई मोबाइलवर कामाचा फोटो काढून ठेवायची. वहिनींनी तो मोठा करून पाहिला.

"जुळेच हो!" भाऊजी डोकावले. "अंगठ्याला चिंधीसुद्धा सारखीच!"

वहिनींनी मोबाइल पदराआड केला, कारण गावाचा इतिहास लिहिणारे सर आत येत होते. या दोन भावांवरच्या जाडजूड पुस्तकाने त्यांना नाव मिळवून दिलं होतं.

"हा फोटो आधी पाहिला होता, सर?"

"छे! पुस्तकासाठी गिरणीच्या कचेरीने फक्त दोन चेहरे मोठे करून दिले होते. अख्खा फोटो परवा इथे आला, मी आत्ताच बघतोय." सरांनी सुस्कारा टाकला. "बिचारा धाकटा! अंगठ्याला चिंधी, तरी कसा ताठ उभा होता. या बाईने त्यालाच कापला!"

"सर, चेहऱ्यात अंगठा येत नाही."

सरांनी हातातली पिशवी मागे घेतली.

"धाकट्याची चिंधी अख्ख्या फोटोतच दिसते. तुम्ही काल तो पाहिलात, आणि आपलं पुस्तक खोटं ठरणार हे तुम्हाला कळलं. जुळ्यांची नाकं सारखी असतात, चिंध्या नाहीत. कॅमेरा फिरत असताना हा पठ्ठ्या डावीकडे टिपला गेला, मग सगळ्यांच्या मागून पळत जाऊन उजवीकडे पुन्हा उभा राहिला. माणूस एकच. धाकटा जन्मला तो तुमच्या पुस्तकात!"

सरांनी पिशवीतून तुकडा काढला. "या दोघांत माझं आयुष्य गेलं हो."

"आणि या एकापायी हिचं काम जाणार होतं," वहिनी म्हणाल्या.

व्यवस्थापिका बाई ओशाळल्या. "चुकलंच माझं. तूच जोड बाई. जोड दिसणार नाही ना?"

चौकटीवाल्या बाईने तुकडा अलगद जागेवर ठेवला.

"दिसणार," ती म्हणाली. "आणि कोणी विचारलं, तर सर सांगतील."