इनिश लीहची शिळा

गोबनेट मावशीला तिच्या लेकीच्या कबरीच्या उशाशी उभी असलेली शिळा हवी होती, आणि ती आणायला आम्ही तिघं इनिश लीह बेटाकडे वल्ही मारत निघालो होतो: मावशी, तिचा नवरा मुइरिश काका आणि मी, त्यांची भाची ब्रीड. बाप्तिस्म्याआधी गेलेलं मूल गावच्या दफनभूमीत घेत नसत. बाप एकटाच पेटी घेऊन बेटावर जाई आणि एखाद्या जुन्या शिळेपाशी पुरून येई. आईनं जायचं नाही, अशी रीत! चाळीस वर्षांत मावशीनं ती जागा एकदाही पाहिली नव्हती. आता समुद्र कडा खात खात तिथवर आला होता.

आम्ही बेटावर चढलो. कबर लाटांनी केव्हाच नेली होती! शिळा तेवढी कड्याच्या टोकाशी कलंडून उभी होती.

कमरेला दोर बांधून मी पुढे सरकले. माती ढासळत होती. शिळेला फास टाकला. "ओढा!" शिळा सुटली, आणि माझ्या पायाखालचा तुकडा धडाडकन खाली गेला! मी दोराला लटकले. काकांनी शिव्या घालत मला वर खेचलं.

गवतावर बसून मी धाप टाकत शिळा पाहिली. शिळेच्या कडेवर खालून वर चढत गेलेल्या खाचा होत्या; त्या जुन्या लिपीतली अक्षरं, दीड हजार वर्षांपूर्वीच्या कुणा माणसाचं नाव. काय हात असेल तो कोरणाऱ्याचा! इतका वारापाऊस खाऊनही रेघ न् रेघ बोटाला लागत होती. या परक्या माणसानं आमचं पोर सांभाळलं, म्हणून मला त्याच्याबद्दल फार माया वाटली.

"थडग्याचा दगड होडीत घेतात का कुठे?" काका कुरकुरले.

"मग तू पोहत ये," मावशी म्हणाली.

शेवटी काकांनी शिळा मागच्या टोकाला, गवताच्या पेंढ्यांवर निजवली. आम्ही मागे तोंड करूनच वल्हवतो. "मेलेल्याकडे पाठ करून मी बसणार नाही," ते म्हणाले.

अर्ध्या वाटेत वारा समोरून उठला. मागच्या वजनानं होडीचं नाक वर उचललं गेलं. होडी गर्रकन आडवी झाली. लाट आत!

"फेका तो दगड!" काका ओरडले. "एक गेली. तुला नाही जाऊ देणार मी!"

मावशी शिळेवर जाऊन बसली. "मग मलाही फेक!"

"काका!" मी किंचाळले. "वाऱ्यात रिकामी होडी नेताना नाकाशी दगड कोण ठेवतं? तुम्हीच ना! ही पुढे घ्या!"

काका वल्हं टाकून शिळेकडे झेपावले. मी एकटी वल्हवत होते. शिळा इंचाइंचानं सरकत होती. होडीचा तळ म्हणजे नुसतं डांबर लावलेलं कापड; ते फाटलं असतं तर संपलंच होतं! एक रेटा. अजून एक. शिळा नाकाशी पोचली, नाक खाली बसलं आणि होडी सरळ वाऱ्याला भिडली. काका शिळेकडे पाठ करून बसले आणि थेट किनाऱ्यापर्यंत वल्हवत राहिले.

दुसऱ्या दिवशी गावच्या दफनभूमीत, सगळ्यांच्या मधोमध, आम्ही ती उभी केली. कुणी अडवलं नाही. काकांनी टोपी काढली. मग अगदी हळू म्हणाले, "एथ्ना."

ते नाव मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.

मावशीनं डोळे पुसले. "मोठ्यानं म्हण रे," ती म्हणाली. "आता कुणाला भ्यायचंय?"