आत्याने ठेवायचं नाव

"ती गोधडी तठेच ऱ्हाऊ द्या, चपलास्पा! पाळणामा नको!"

इंदुबाईंनी उंबऱ्यातच हात आडवा धरला आणि भागीरथीने गोधडी दाराबाहेर चपलांपाशीच टेकवली. गोडादरा वस्तीतलं हे दोन खोल्यांचं घर तिनेच उभं केलेलं. आई गेल्यावर नऊ वर्षांच्या बन्सीलालचं बोट धरून ती खान्देशातून सुरतेला आली, लग्नाचं वय त्याच्या शाळेत आणि दुखण्याखुपण्यात घालवलं, आणि आज त्याच बन्सीलालच्या मुलीच्या बारशाला सख्खी आत्या दाराबाहेर! आत पाळण्याला झेंडू बांधलेला, घुगऱ्यांचा वास सुटलेला, शेजारच्या बायकांची लगबग... आणि भावाची सासू, ही इंदुबाई, तिला परकी ठरवत होती.

"या, बसा बाकी," इंदुबाई म्हणाल्या, "पण ज्या हातनी भाऊनं छपाईनं टेबल बंद पाडं, तो हात पोरले लागाले नको."

बन्सीलालने ऐकलं. ऐकलं आणि तो पेढ्यांच्या पुड्याची गाठ सोडत राहिला. भागीरथीला वाटलं, याने दोन शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं!

तीन महिन्यांपूर्वी, श्रावणात, या घराच्या मागच्या पडवीत छपाईचं लांब टेबल होतं. बहीणभाऊ समोरासमोर उभे राहून स्क्रीनची फ्रेम सरकवत, रंग ओढत. एकाने सोडली की दुसऱ्याने धरली, शब्दही बोलावा लागत नसे. नवरात्रीच्या ओढण्यांचं मोठं काम आलं होतं. नऊ नव्या फ्रेमच्या जाळ्यांना मसाला चढवून, त्या सुकायला अंधाऱ्या खोलीत ठेवल्या होत्या. नक्षी उमटण्याआधी त्या मसाल्यावर उजेड पडला, की सगळी जाळी बुजून जाते, मग रंगाचा थेंबही पार होत नाही. ती खोली थंड, म्हणून लोणच्याची बरणीही तिथेच असायची. घर लहान असलं की असंच होतं! सातवा महिना चालू असलेली उज्ज्वला भर दुपारी कैरीच्या फोडीसाठी आत गेली आणि दार उघडंच टाकून आली.

संध्याकाळी बन्सीलालने एकेक फ्रेम धुवायला घेतली. एकही नक्षी उघडेना. "दार कोणी उघाडं?" तो असा ओरडला, की भांडी घासणारी उज्ज्वला भिंतीला टेकली. तिचा चेहरा कागदासारखा पांढरा झाला. दोनदा कूस रिकामी झालेली ती पोर... भागीरथीने तिच्या पोटाकडे पाहिलं आणि बोलून गेली, "मी उघाडं. इसरी गयतू."

"आजपासून मनी फ्रेमले हात लावू नको, ताई."

मुदत चुकली, काम दुसऱ्याकडे गेलं, घेतलेली उचल फेडायला टेबल मोडलं, बन्सीलाल परक्याच्या टेबलावर रोजाने रंग ओढू लागला. भाऊ तिचं तोंडही पाहीना, म्हणून भागीरथी पिशवी घेऊन निघाली तेव्हा उज्ज्वला मोरीपाशी तिचा हात धरून रडली होती. "ताई, पोर हातमा येऊ दे, मी सोता सांगसू त्यास्ले!"

तेवढ्या शब्दावर भागीरथीने दिवस काढले. गोधड्या शिवून पोट भरणाऱ्या प्रमिलाबाईंनी तिला आपल्या खोलीत घेतलं. भाची असो वा भाचा, बाळासाठी गोधडी करायची असं दोघींनी ठरवलं. डाळिंबाच्या साली उकळून भागीरथीने मलमल रंगवली. हाताने रंगवलेलं कापड सात पाण्यांतून काढावं लागतं, नाहीतर तान्ह्याच्या अंगाला रंग लागतो. तिने नऊ पाण्यांतून काढलं. भावाची फ्रेम तर वर्ज्य! मग प्रमिलाबाईंनी मोडक्या खिडकीची चौकट आणली, तिच्यावर बारीक जाळी ताणली, कागद कापून राघूंची ओळ केली. प्रमिलाबाईंनी चौकट दाबून धरायची आणि भागीरथीने रबराची पट्टी ओढायची. पण प्रमिलाबाईंना अंदाज नव्हता. त्या आधीच चौकट उचलत आणि राघूची चोच फिसकटे.

"तुना भाऊ असता तर बरोबर धरता," एकदा त्या म्हणाल्या आणि लगेच जीभ चावली. भागीरथी पट्टी हातात धरून हमसून हमसून रडली. मग दोघींनी फिसकटलेल्या चोचींवर धावदोरा घातला आणि त्या झाकल्या.

मुलगी झाल्याचं कळलं त्या दिवसापासून भागीरथी निरोपाची वाट पाहू लागली. पहिला दिवस, पाचवा, दहावा... उज्ज्वलाचं तोंड उघडेना! पोर हातात येऊन बारावा दिवस उजाडला, तेव्हा बोलावणं नसतानाही ती प्रमिलाबाईंना सोबत घेऊन निघाली. आत्याने कानात नाव सांगायचं, हा मान तरी ती गमावणार नव्हती.

आणि आता आतून हाक आली, "शोभाबाई, चला, येळ व्हई राह्यना!"

बारडोलीहून आलेली चुलत आत्या शोभाबाई अवघडून उठली. भागीरथीने दाराच्या चौकटीतून उज्ज्वलाकडे पाहिलं. उज्ज्वलाने मान खाली घातली. शोभाबाई पाळण्यावर वाकली, बायकांनी तिच्या पाठीत गुद्दे घालत एकच "कुर्रऽऽ" केलं, आणि नाव ठरलं... हर्षदा. भागीरथीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. किती जवळ होती ती! पाच पावलं... पाच पावलांवर तिचा हक्क दुसरीने उचलून नेला!

"शुभ कामले डोळामा पाणी कसाले? वाटोळं करी भागनं नही का?" इंदुबाई कडाडल्या आणि त्यांनी गोधडी पायाने बाजूला सारली.

"आई!" उज्ज्वला किंचाळली. "पाय लावू नको! दार मी उघाडं व्हतं... ताईनी नही! लोणचासाठे मी गयतू!"

बन्सीलालच्या हातून पेढे खाली पडले.

"मना तोंडले कुलूप लागनं व्हतं... ताई, माले माफ कर..." उज्ज्वला पाळण्याची दोरी धरून खाली बसली.

बन्सीलाल उंबऱ्यापाशी आला आणि त्याने बहिणीच्या पायांवर डोकं टेकलं. "माले का नही सांगं, ताई? एकदा तरी सांगती!"

"तू एकदा तरी इचारं का रे?" भागीरथी म्हणाली. "तीस वरीस मना हातखाल वाढना. मी अशी चूक करसू का, इतलं तरी इचारतास!"

त्याने तिला हाताला धरून आत नेलं, गोधडी झटकून पाळण्यात अंथरली, पोर तिच्या हातांत दिली. मग कशानं तरी जखम भरून काढावी तसं त्याने विचारलं, "तू काय नाव धरेल व्हतं, ताई?"

भागीरथीने सभोवार पाहिलं. शोभाबाई शरमून उभी होती. उज्ज्वला श्वास रोखून बघत होती. एकदा ठेवलेलं नाव बदललं, तर दोन्ही घरांत ही गोष्ट जन्मभर बोलली जाणार होती.

"हाईच," ती म्हणाली. "हर्षदाच."

दारातल्या प्रमिलाबाईंनी तोंडात पदर कोंबला. राघूंवर टाके घालताना, तीन महिने, त्यांनी तिच्या तोंडून एकच नाव ऐकलं होतं... मुलगी झाली तर अमृता.

"बरं व्हयनं मग!" बन्सीलाल म्हणाला, आणि किती चटकन मोकळा झाला त्याचा चेहरा! भागीरथीने मान हलवली आणि पोर उज्ज्वलाच्या मांडीवर दिली.