मनकवडा शेवट

साळोख्यांच्या घरात चित्रपट बघून आल्यावर हातपाय धुवायच्या आधी पंचनामा व्हायचा. ही शिस्त आप्पांची. नुसतं ‘आवडला’ म्हणून कुणाची सुटका नसे. काय आवडलं, का आवडलं आणि शेवट काय झाला, हे ज्याचं त्याने आपल्या तोंडाने सांगायचं. आता आप्पांचं डावं अंग लुळं पडलं होतं, थिएटर सुटलं होतं, पण पंचनाम्याचा हट्ट काही सुटला नव्हता.

बाकी कोल्हापूरने हा नाद कधीच सोडून दिला होता. मनकवडे चित्रपट आल्यापासून एकमेकांना शेवट विचारण्यात अर्थच उरला नव्हता. थिएटरात प्रत्येकाच्या डोळ्यांवर चष्मा, कानांत इअरफोन आणि मनगटाला पट्टी. पट्टी नाडी, घाम, श्वास टिपत राही आणि ज्याच्या त्याच्या चष्म्यातली गोष्ट त्याप्रमाणे वळण घेई. शेजारीशेजारी बसलेली माणसं निरनिराळे शेवट बघून बाहेर पडत. कुणाला तिखट लागतं, कुणाला गोड, तसंच हे असेल, असं लोक समजत.

त्या रविवारी आप्पांचा मुलगा धैर्यशील पुण्याहून आला होता, येताना घरी चित्रपट बघायचा चष्मा आणि पट्टीही घेऊन. शेजारच्या काकूंना आप्पांपाशी बसवून तो बहिणीला, शर्वरीला, दुपारच्या खेळाला घेऊन गेला. कितीतरी महिन्यांनी ती अशी घराबाहेर पडली होती. चित्रपट एका विसरभोळ्या म्हाताऱ्याचा होता. तो एका सकाळी चपला घालून निघून जातो आणि घरचे त्याला शोधत फिरतात.

“हं, बोला,” दोघं परतल्यावर आप्पा म्हणाले. “धैर्या, तू आधी.”

“मधला भाग लांबलाय, आप्पा. ती सून तर उठसूट रडते. शेवट मात्र झकास. म्हातारा देवळाच्या पायरीवर बसलेला सापडतो. मुलगा त्याला पाठुंगळी घेऊन घरी आणतो.”

“आणि तुझं काय गं?”

शर्वरी खुशीत होती. “मला तर फार आवडला! माझ्यात तो सापडतच नाही. एस.टी.त बसून लांब कुठंतरी निघून जातो. मग घरातल्या खिडक्या उघडतात, सून गच्चीवर केस वाळवत बसते. कुणी काही बोलत नाही. इतकं शांत वाटलं, आप्पा!”

आप्पांनी मान डोलावली. धैर्यशीलचा चेहरा मात्र उतरला. “चल, चहा टाकू,” म्हणत तो तिच्यामागे स्वयंपाकघरात गेला.

अशा पट्ट्यांचं गणित बसवणाऱ्या कंपनीत तो काम करत होता. दार लोटून तो म्हणाला, “शरू, हे आप्पांसमोर बोलायला नको होतंस.”

“का? आवड ज्याची त्याची.”

“आवड कळतच नाही त्या पट्टीला. शेवट जवळ आला की ती सगळ्या वाटा थोड्या थोड्या दाखवून बघते. म्हातारा सापडेलसं वाटतं, मग गेलासं वाटतं. ज्या वाटेवर बघणाऱ्याचं अंग सैल पडतं, श्वास मोकळा होतो, तो शेवट त्याला मिळतो.”

शर्वरीने हातातली सांडशी ओट्यावर ठेवली. “म्हणजे मला आप्पा घरात नकोत?”

“मी तसं म्हटलं नाही.”

“म्हटलंस की! तुझ्या अंगाला बरं वाटलं ना, म्हातारा सापडल्यावर? वाटणारच. सापडून तो माझ्याकडंच येणार. त्यांची कूस कोण बदलतं, भांडं कोण धरतं, तुला काय त्याचं?” बोलता बोलता तिला रडू फुटलं. आप्पांवर तिचा जीव होता. त्या जिवाची तिला आजवर कधी शंका आली नव्हती, आणि आता आली म्हणून ती घाबरून गेली होती.

“कुजबुज पुरे,” बाहेरून आप्पांचा आवाज आला. “कान शाबूत आहेत माझे. धैर्या, तू आणलेला तो घरचा चष्मा लाव मला. मी पण बघतो तो पिक्चर.”

“आप्पा, नको,” शर्वरी धावत बाहेर आली.

“नको काय? पंचनामा तिघांचा होतो की.”

आप्पांना नाही म्हणायची दोघांनाही सवय नव्हती. धैर्यशीलने चष्मा चढवला, उजव्या मनगटाला पट्टी बांधली. चित्रपट संपेपर्यंत दोघं पलंगाशी बसून राहिले. शर्वरी एकटक आप्पांच्या तोंडाकडे बघत होती. शेवटाच्या सुमारास त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या, धड हाताने चादर घट्ट धरली. मग आठ्या विरल्या आणि मूठ हळूहळू सुटली.

“सांगा आप्पा,” चष्मा काढत धैर्यशील उसन्या उत्साहाने म्हणाला.

“मधला भाग लांबलाय, हे खरं,” आप्पा म्हणाले. “म्हातारा एस.टी.त बसतो. खिडकीपाशी जागा मिळते त्याला. मागं वळून बघत नाही. मग घरातल्या खिडक्या उघडतात.” त्यांनी शर्वरीकडे पाहिलं. “चांगला शेवट आहे, पोरी. मला पण हलकं वाटलं बघ.”

आप्पांनी तिच्या हातावर थोपटलं आणि दमल्यासारखे डोळे मिटले. थोड्या वेळाने त्यांचा श्वास संथ झाला. धैर्यशील पट्टी सोडवत होता, तेव्हा शर्वरीने त्याचं मनगट धरलं.

“दादा,” ती हलक्या आवाजात म्हणाली, “हे त्यांच्या मनात आधीपासून होतं, की मी शेवट सांगितल्यावर आलं? तुझी पट्टी एवढं तरी सांगेल का रे?”