पाठ फिरवून

घरोघरी जाऊन नवे कम्प्युटर लावून देणाऱ्या ताईची एक सवय होती. गिऱ्हाईक पासवर्ड टाकायला बसलं की ती पाठ फिरवून भिंतीकडे तोंड करायची. नऊ वर्षांत शेकडो घरांच्या भिंती तिने अशा जवळून पाहिल्या होत्या. कुठे ओल, कुठे नुसताच खिळा. लोकांची गुपितं आपल्या डोक्यात नकोत, एवढंच कारण. तशी ती एकटी राहायची, आणि घरी गेल्यावर बोलायला भिंतीच होत्या. तेव्हा ओळख वाढवलेली बरी, असं स्वतःच गमतीने म्हणायची.

त्या दुपारी ती चौथ्या मजल्यावरच्या एका मावशींकडे गेली. मावशींचे यजमान आठ महिन्यांपूर्वी वारले होते, आणि मागोमाग त्यांचा जुना कम्प्युटरही. नवा तिनेच खोक्यातून काढला, तारा जोडल्या, पडद्यावरचं पातळ प्लास्टिक सोललं. मावशींना त्यातलं बाकी काही नको होतं. जाण्याच्या आदल्या दिवशी यजमान म्हणाले होते, तुझ्यासाठी मेलमध्ये एक पत्र लिहायला घेतलंय. तेवढं एक पत्र त्यांना हवं होतं.

खातं मात्र दाद देईना. ओळख पटवायचा कोड मागवला, तर तो यजमानांच्या बंद झालेल्या फोनवर जायचा. डायरीत लिहिलेला पहिला पासवर्ड चुकला, दुसराही चुकला. मग पडद्यावर सूचना आली: आता एकच प्रयत्न उरला आहे, त्यानंतर खातं कायमचं बंद होईल.

ताईने स्पष्ट सांगितलं, घाई करू नका, हा चुकला तर पत्र गेलं. बघते आठवून, असं म्हणून मावशी खुर्चीत बसून राहिल्या. ताईने सवयीप्रमाणे पाठ फिरवली.

भिंतीवर कॅलेंडर काढल्याच्या जागी एक फिकट चौकोन होता. ती तो बघत उभी राहिली. बऱ्याच वेळाने मागे बटणं वाजू लागली. एका बोटाने, थांबून थांबून. मग शेवटचं एक जरा जोरात.

"झालं का, मावशी?"

"आले, आले." आवाज आतल्या खोलीतून आला. मावशी चष्मा पुसत दारात उभ्या होत्या. "सापडतच नव्हता मेला. हं, सांग, कुठे लिहायचं?"

ताई वळली. खुर्ची रिकामी होती, आणि खातं उघडलं होतं.

जुना पासवर्ड कुठेतरी साठवलेला असेल, असं तिने मनाला समजावून पाहिलं. पण हा कम्प्युटर तासाभरापूर्वी खोक्यात होता. मावशी मात्र रिकाम्या खुर्चीकडे बघत होत्या.

पत्र सापडलं. ते अर्धवटच होतं. किल्ल्या कुठे आहेत, नळ गळला तर कुणाला बोलवायचं, औषधं वेळेवर घे, आणि मग शेवटची ओळ: 'तुला एक गोष्ट आयुष्यभर सांगायची राहून गेली, ती म्हणजे'. पुढे काहीच नव्हतं. मावशींनी ती ओळ तीनदा वाचली आणि त्या तोंडाला हात लावून रडल्या.

जरा वेळाने ताई म्हणाली, आता पासवर्ड बदलून घेऊ, तुमच्या लक्षात राहील असा.

"नको," मावशी म्हणाल्या. "मग हे आत कसे येतील?"

त्यांनी ताईचा हात धरून तिला जिन्यात आणलं आणि घराचं दार ओढून घेतलं.

"लिहिताना कुणी घरात असलेलं ह्यांना चालत नाही. चाळीस वर्षं मी इथे येऊन बसतेय."

दोघी पायरीवर बसल्या. इमारत चिडीचूप होती. ताईला निघायचं होतं, पण मावशींनी तिचा हात सोडला नव्हता.

आत एक बटण वाजलं. मग दुसरं.

मावशी कान देऊन ऐकत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, नुसती आशा होती. ताईला तीच बघवेना.

आवाज थांबला. आत खुर्ची मागे सरकली.

मावशी उठल्या आणि दोन्ही हातांनी केस नीट करू लागल्या.