कोऱ्या कप्प्याचं गुपित

"सुईपाशी सुई, मण्यापाशी मणी,
बोटांनी वाचावं, शिकवलं न कुणी…"

सत्तर वर्षांपूर्वी या दुकानात घुमलेला तो आवाज आजोबांच्या कानात अजून होता. कप्पे पुसताना ते तेच गुणगुणत.

"आजोबा, हे गाणं कुणाचं?" शंकासुरानं विचारलं. बारा वर्षांच्या या नातीला घरात सगळे त्याच नावानं हाक मारत. रोज शंभर शंका!

"होतं कुणीतरी," म्हणून आजोबा दुसरीकडे वळले.

भिंतभर लाकडी कपाट, त्याला अठ्ठेचाळीस कप्पे. बटणांच्या कप्प्यावर बटण ठोकलेलं, खिळ्यांच्या कप्प्यावर खिळा, बिजागऱ्यांच्या कप्प्यावर बिजागरी. अक्षर मात्र एकही नाही! आणि खालचा एक कप्पा अगदी कोरा.

"ढोल्या, गडबड आहे," शंकासुर धाकट्या भावाच्या कानात कुजबुजली. "बाहेरच्या पाटीवर लिहिलंय, दुकान पणजोबांनी काढलं. पणजोबा तर शाळामास्तर! मग कप्प्यांवर नावं का नाही लिहिली?"

"शाई संपली असेल!" तोंडातला लाडू न सांडता ढोल्या म्हणाला.

तेवढ्यात काका डब्यांची चळत घेऊन आले. "चला, बाजूला व्हा! दुपारी भंगारवाला हे धूड घेऊन जाणार. आता सगळं प्लॅस्टिकच्या डब्यांत, चिठ्ठ्या लावून. प्रत्येक कप्प्यातला अर्धा माल भरूनही झालाय!"

आजोबांचा हात पुसता पुसता थांबला. शंकासुराला ते थांबणंच टोचलं.

"काका, पैज! मी डोळे बांधून कपाटातून वस्तू काढते, तुम्ही उघड्या डोळ्यांनी डब्यांतून काढा. मी जिंकले तर कपाट इथंच!"

"अगं, हरशील! लाव पैज!" काका हसले.

ढोल्यानं तिच्या डोळ्यांवर पंचा बांधला. गिऱ्हाइकं गोळा झाली.

"दीड इंची खिळे!" सुतारमामा ओरडले.

शंकासुराची बोटं कप्प्यांवरून सरसर फिरली. "हे घ्या!"

काका अजून डबेच उलथत होते. चिठ्ठ्यांवर काय होतं? किरकोळ एक, किरकोळ दोन… थेट किरकोळ बारा!

"काका, तुमचं सगळंच किरकोळ!" ढोल्या खिदळला.

"चार भोकांची बटणं!" शिंपीणकाकू म्हणाल्या. तीही मिळाली!

"आता पाटीवरची पेन्सिल!" काका चिडून म्हणाले. "ती काढून दाखव!"

शंकासुर थबकली. तिची बोटं खाली, अगदी खाली गेली. कोऱ्या कप्प्यावर दोन बारीक भोकं लागली, आणि त्यांच्यामधल्या खाचेत पांढरी भुकटी. इथंही कधीतरी काही ठोकलेलं होतं तर!

"तो नको!" आजोबा ओरडले. "तो अडकलाय!"

पण कप्पा जरा वर उचलताच सरकला. आत पेन्सिलीचे तुकडे होते, आणि एक दगडी पाटी. तिच्यावर खिळ्यानं कोरलेली वेडीवाकडी अक्षरं शंकासुराच्या बोटांना लागली: 'दुका'.

"जिंकली!" सुतारमामांनी टाळी वाजवली. "शाबास गं पोरी!"

काकांनी कान पकडले. "हरलो बाई! भंगारवाल्याला हे डबेच देतो."

शंकासुरानं पंचा सोडला, तर आजोबा तिच्या हातून घेतलेली पाटी छातीशी धरून खाली बसले होते.

"आजोबा, पुढचा 'न' कुठंय?"

आजोबांनी त्या दोन अक्षरांवरून बोट फिरवलं.

"ते गाणं जिचं, तिला अक्षरओळख नव्हती, तरी दुकानाची पाटी स्वतः लिहायची होती. वडील शाळेत रमलेले, दुकानात त्यांचा पायही नसायचा. मी सात वर्षांचा, नुकता लिहायला शिकलेला. हसलो मी. म्हटलं, 'तुझा क पोट धरून बसलाय!' तीही हसली. मग तिनं पाटी आत ठेवली, कप्प्यावरचा पेन्सिलीचा तुकडा काढून टाकला, आणि पुन्हा कधी लिहिलं नाही. मोठा झालो तेव्हा लोक काय म्हणतील म्हणून बाहेर वडिलांचं नाव मीच रंगवलं."

त्यांनी खिळा उचलला आणि पाटी शंकासुरापुढे धरली.

"'न' तू लिही. हे दुकान माझ्या आईनं काढलं, पोरी. माझ्या आईनं!"